आजचं चिंतन : लगाम कोणाच्या हातात?



फ्रान्समध्ये २००५ साली सुरू झालेल्या ‘हाउर्स’ या ऑनलाइन गेममध्ये लोक घोडे पाळतात, पैदास करतात, चांगल्या वंशाची शिंगरं विकून ‘इक्वस’ हे गेममधलं चलन कमावतात. माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, हा घोडा म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद. विकला की मालकाचं नाव बदलतं, बस्स. पण ‘अजून एक, याहून चांगला हवा’ ही ओढ मात्र शंभर टक्के खरी असते.

कठोपनिषदात यमराज नचिकेताला हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य, सगळं देऊ करतात. हे टिकणारं नाही, असं म्हणून तो घोडे त्यांनाच परत करतो आणि आत्मज्ञान मागतो.

गंमत बघा, पुढे यमराज त्याला पुन्हा घोड्यांबद्दलच सांगतात! शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. हे घोडे आपल्याला जन्मतःच मिळालेत. ते विकत घ्यायचे नाहीत, सांभाळायचे आहेत.

गेम खुशाल खेळा. फक्त पुढचा घोडा घेण्याआधी क्षणभर थांबून स्वतःला विचारा, आत्ता लगाम सारथ्याच्या हातात आहे ना?

राम कृष्ण हरी!