हेतु, परिणाम आणि दैव

मनुष्याच्या कृत्याचें नैतिक मोल कशावरून ठरवावें, त्याच्या हेतूवरून कीं त्या कृत्याच्या परिणामावरून, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. मनुष्याची सत्ता कर्मापुरती, फळ त्याच्या हातचें नव्हे, ही गीतेची शिकवण आमच्या घराघरांतून लहानपणापासून कानांवर पडत असते. तिकडे जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानेंहि १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत सदिच्छेचें मोल यशापयशावर मुळींच अवलंबून नसतें, असें प्रतिपादन केलें. ही शिकवण ऐकतांना आपण मान डोलवितों. परंतु व्यवहारांत आपण तिच्याप्रमाणें न्याय करतों काय? दोन शेजारणी कामाच्या घाईंत कढत तेलाची कढई उतरवून ओट्याच्या अगदीं कडेला ठेवतात. एकीच्या घरांत त्या वेळीं मूल झोंपलेलें असतें. दुसरीच्या घरांत नुकतेंच उभें राहूं लागलेलें मूल कढईच्या कानाला हात घालतें. निष्काळजीपणा दोघींचा सारखाच. पण पहिलीला कोणी एक शब्दहि बोलत नाहीं, आणि दुसरीला सारें गांव बोललें नाहीं तरी तिचें तिलाच जन्मभर स्वतःला क्षमा करतां येत नाहीं. येथें न्याय कोणी केला? हेतूनें नव्हे, दैवानें.

हा प्रश्न आज आम्ही वाचकांसमोर एका फुटबॉलपटूच्या चरित्राच्या आधारें मांडीत आहों. गंभीर तत्त्वचर्चेंत चेंडूचा खेळ कशाला, असें कोणास वाटण्याचा संभव आहे. पण क्रीडांगणासारखी नीतीची प्रयोगशाळा शोधूनहि सांपडावयाची नाहीं. संसारांत कृत्य एकीकडे घडतें, त्याचा परिणाम वर्षांनीं भलतीकडेच उमटतो, आणि साक्षीदार बहुधा कोणीच नसतो. मैदानावर कृत्य आणि परिणाम यांत एका क्षणाचें अंतर असतें, आणि तो क्षण हजारों लोक उघड्या डोळ्यांनीं पाहत असतात. तरीहि कर्त्याचें मन तेथेंहि कोणास दिसत नाहीं. म्हणजे प्रश्नाचें जें खरें अवघड अंग, तें तेवढें शिल्लक राहतें.

ॲरन रॅम्सी याचा जन्म २६ डिसेंबर १९९० रोजीं वेल्समधील कॅर्फिली या गांवीं झाला. दक्षिण वेल्सचा हा प्रदेश एके काळीं कोळशाच्या खाणींचा, आणि खेळांपैकीं रग्बीचा. रॅम्सीहि लहानपणीं रग्बी खेळत असे. पण त्याचा ओढा फुटबॉलकडे गेला. २८ एप्रिल २००७ रोजीं कार्डिफ सिटी या संघाकडून तो प्रथम मैदानांत उतरला, तेव्हां त्याचें वय १६ वर्षें १२३ दिवस होतें. त्या संघाकडून इतक्या कोवळ्या वयांत पूर्वीं कोणी खेळला नव्हता. २००८ सालीं एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत हा संघ पोर्ट्समथकडून एका गोलानें हरला, आणि त्याच उन्हाळ्यांत लंडनच्या आर्सेनल संघानें सुमारें पन्नास लक्ष पौंड मोजून या मुलास आपल्याकडे घेतलें. त्याची जागा मधल्या फळींत. बचाव करणारे मागें आणि गोल मारणारे पुढें. मधल्या फळीचा खेळाडू या दोहोंच्या मध्यें सारा वेळ धांवत असतो, प्रतिपक्षाचा चेंडू अडवितो आणि आपल्या माणसांस पोंचवितो. कीर्ति बहुधा पुढच्यांस मिळते. धक्के आणि टकरी मात्र मधल्यांच्या वांट्यास भरपूर येतात.

२७ फेब्रुवारी २०१० रोजीं स्टोक येथें सामना चालला होता. दोन्ही संघांचा एकेक गोल झालेला होता. मोकळ्या झालेल्या एका चेंडूकडे रॅम्सी आणि स्टोकचा बचावपटु रायन शॉक्रॉस हे दोघेहि धांवले. रॅम्सी क्षणभर आधीं पोंचला. शॉक्रॉसनें जोरानें टाकलेला पाय चेंडूऐवजीं त्याच्या उजव्या पायावर बसला आणि गुडघ्याखालचीं दोन्ही हाडें मोडलीं. रॅम्सी तेव्हां १९ वर्षांचा होता, शॉक्रॉस २२ वर्षांचा. पंचानें लाल कार्ड दाखवून शॉक्रॉसला बाहेर घालविलें. तो रडतच मैदानाबाहेर गेला. आर्सेनलनें सामना ३-१ असा जिंकला. आणि दैवाचा खेळ असा कीं, त्याच संध्याकाळीं इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांत शॉक्रॉसची निवड झाल्याचें जाहीर झालें. हा शॉक्रॉस स्वतः वेल्समधल्याच बकली गांवीं लहानाचा मोठा झालेला.

पुढें जो वाद माजला तो नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानें अभ्यासावा असा आहे. आर्सेनलचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर संतापले. दोनच वर्षांपूर्वीं, २३ फेब्रुवारी २००८ रोजीं, बर्मिंगहॅमशीं खेळतांना त्यांच्याच संघांतील एद्वार्दो याचा पाय असाच मोडला होता. स्टोककडील लोकांचें म्हणणें असें कीं, मुलाच्या मनांत दुष्टावा नव्हता. तो चेंडूवरच गेला होता. दोन्ही पक्षांचें बोलणें शांतपणें ऐकलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, ते एकमेकांस उत्तर देतच नव्हते. एक पक्ष मोडलेल्या पायाकडे बोट दाखवीत होता, दुसरा कर्त्याच्या मनाकडे. परिणाम भयंकर होता हें खरें, आणि हेतु दुष्ट नव्हता हेंहि खरें मानतां येतें. मग दोष किती?

केवळ हेतूवर भिस्त ठेवणारा म्हणेल कीं, तसाच पाय त्या शनिवारीं इंग्लंडांतील कितीतरी मैदानांवर टाकला गेला असेल. कोठें तो चेंडूला लागला असेल, कोठें बोटभर अंतरानें हुकला असेल. त्या खेळाडूंस कोणी दोष दिला नाहीं. मग बोटभर अंतरासाठीं शॉक्रॉसलाच कां द्यावा? हा युक्तिवाद तर्काला धरून आहे. ॲडम स्मिथ यानें १७५९ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत हीच विसंगति दाखविली. दोष हेतूवरच अवलंबून असावा हें सर्वांस तत्त्वतः मान्य असतें; परंतु प्रत्यक्ष प्रसंग आला कीं आपला राग आणि आपली कृतज्ञता परिणामाच्याच मागें धांवते, असें तो म्हणतो. कायदाहि तसाच धांवतो. आमच्याकडील १८६० च्या दंडसंहितेंत बेदरकारपणें गाडी हांकल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होती. त्याच बेदरकारपणानें माणूस मेला तर दोन वर्षांपर्यंत. २०२४ सालीं तिच्या जागीं आलेल्या न्यायसंहितेनें ही दुसरी मर्यादा पांच वर्षांपर्यंत वाढविली, पहिली होती तेथेंच ठेविली. हांकणाराचें मन दोन्हीकडे तेंच. रस्त्यांत त्या क्षणीं कोणी आलें कीं नाहीं, एवढाच भेद. १९७६ सालीं बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनीं या गोष्टीला नैतिक दैव असें नांव दिलें आणि तेव्हांपासून हा वाद नव्यानें चालू आहे.

आम्हांस असें वाटतें कीं, या वादाचा गुंता पुष्कळसा एका शब्दामुळें झाला आहे. आपण दोष हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींना लावतों. एक अपराध आणि दुसरें ऋण. अपराध मनाच्या मापानेंच मोजावा. तेथें दैवाला जागा देणें अन्यायाचें आहे. परंतु ऋण मनाच्या मापानें मोजतां येत नाहीं. माझ्या हातून जें घडलें तें माझ्या हातून घडलें. तें घडावें अशी माझी इच्छा नव्हती, एवढ्यानें तें दुसऱ्या कोणाचें होत नाहीं.

हा भेद आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. वाल्मीकीच्या रामायणांत दशरथ मरणापूर्वीं कौसल्येला आपल्या तारुण्यांतील गोष्ट सांगतो. केवळ आवाजावरून बाण मारण्याच्या कलेचा त्यास मोठा अभिमान होता. शरयूच्या कांठीं अंधारांत घागर भरण्याचा आवाज ऐकून, हत्ती पाणी पितो आहे असें समजून, त्यानें बाण सोडला. आणि तो लागला आंधळ्या आईबापांच्या एकुलत्या आधाराला. श्रावणबाळाची ही गोष्ट आमच्या मुलांस तोंडपाठ असते, पण तिच्यांतील न्याय आपण क्वचितच नीट पाहतों. दशरथ पळून गेला नाहीं. तो स्वतः पाणी घेऊन त्या वृद्धांकडे गेला आणि आपल्या तोंडानें सर्व सांगितलें. तेव्हां पिता म्हणाला कीं, तूं होऊन सांगितलें नसतेंस तर तुझ्या मस्तकाचीं शकलें झालीं असतीं. अजाणतां घडलें म्हणूनच तूं जिवंत आहेस. म्हणजे अपराध हलका झाला. तरी शाप टळला नाहीं. पुत्रशोक दशरथाच्या वांट्यास आलाच. एकाच प्रसंगीं हेतूलाहि मान आणि परिणामालाहि मान, असा हा न्याय आहे. शिवाय अंधारांत नुसत्या आवाजावर बाण सोडण्याची जी घमेंड, ती मात्र दशरथाची स्वतःची होती, दैवाची नव्हे, हेंहि कवि विसरलेला नाहीं. खेळांतहि नेमका हाच प्रश्न विचारला पाहिजे. पाय मोडावा असें वाटत होतें काय, हा प्रश्न नव्हे. तसें कोणालाच वाटत नसतें. दुसऱ्याचा पाय तेथें असूं शकेल याची पर्वा केली होती काय, हा खरा प्रश्न होय.

आतां जखमी झालेल्याकडे वळूं. रॅम्सी नऊ महिन्यांनीं, नोव्हेंबर २०१० मध्यें, नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघाकडून पुन्हां खेळूं लागला. पुढल्या मार्चमध्यें, वयाच्या विसाव्या वर्षीं, वेल्सचें कर्णधारपद त्यास मिळालें. २०१२ सालीं तें काढून घेण्यांत आलें. आर्सेनलचे प्रेक्षकहि कांहीं काळ त्याच्या खेळावर कुरकुरत होते. २०१३-१४ च्या मोसमांत मात्र त्यानें १६ गोल केले. १७ मे २०१४ रोजीं चषकाच्या अंतिम सामन्यांत हल सिटी आठ मिनिटांतच दोन गोलांनीं पुढें गेली असतां आर्सेनलनें बरोबरी साधली, आणि जादा वेळांत १०९ व्या मिनिटाला रॅम्सीनेंच विजयाचा गोल मारून संघाचा नऊ वर्षांचा दुष्काळ संपविला. २०१७ सालच्या अंतिम सामन्यांत चेल्सीविरुद्धचा निर्णायक गोलहि त्याचाच.

परंतु दैवाची दुसरी बाजू त्यास चुकली नाहीं. २०१६ सालीं वेल्सचा संघ १९५८ नंतर प्रथमच मोठ्या स्पर्धेंत पोंचला आणि १ जुलै रोजीं बलाढ्य बेल्जमला ३-१ असें हरवून उपांत्य फेरींत गेला. त्याच सामन्यांत चेंडूला हात लागल्याबद्दल रॅम्सीला दुसरें पिंवळें कार्ड मिळालें. वेल्स पोर्तुगालशीं खेळून हरला तेव्हां त्या स्पर्धेंतील उत्कृष्ट खेळाडूंपैकीं एक असा हा माणूस बाहेर बसून होता. १८ मे २०२२ रोजीं सेव्हिल येथें रेंजर्स संघाकडून युरोपा लीगचा अंतिम सामना खेळतांना त्यास शेवटच्या मिनिटांत पेनल्टीसाठींच मैदानांत धाडण्यांत आलें. दोन्ही संघांच्या दहा फटक्यांपैकीं एकच वायां गेला, आणि तो त्याचा. फ्रँकफुर्टच्या गोलरक्षकानें तो पायानें अडविला आणि चषक जर्मनीला गेला.

आतां २०१४ च्या गोलानें रॅम्सी थोर झाला आणि २०२२ च्या फटक्यानें क्षुद्र झाला, असें कोणी म्हणेल काय? वर्तमानपत्रें म्हणतील, विचारी माणसानें म्हणूं नये. जो न्याय शॉक्रॉसला, तोच रॅम्सीला लावला पाहिजे. बोटभर अंतरानें जो दोष वाढतो तो जर खरा दोष नव्हे, तर बोटभर अंतरानें जी कीर्ति वाढते तीहि खरी कीर्ति नव्हे. दोषाच्या वेळीं दैवाला पुढें करणारे आपण, स्तुतीच्या वेळीं दैवाला दारांतच थांबवितों, ही आपली लबाडी आहे.

यावर कोणी म्हणेल, मग मनुष्याचें असें कांहीं उरतच नाहीं. सारें दैवाच्याच खातीं जमा. हा आक्षेप बरोबर नाहीं. मोडलेल्या पायावर पुन्हां उभें राहून, ज्या प्रकारच्या झुंजींत तो मोडला त्याच प्रकारच्या झुंजींत पुन्हां पाय घालणें, हें रॅम्सीचें स्वतःचें होतें; तेथें दैवाचा कांहीं वांटा असलाच तर तो उलट बाजूचा होता. स्टोकच्या त्याच मैदानावर पुढें तो खेळावयास गेला तेव्हां तेथील प्रेक्षक त्याची हुर्यो करीत. या गोष्टीचा विचार करतांना आम्हांस खरें दुःख होतें. शॉक्रॉसच्या कृत्यांत निदान क्षणाची घाई होती, आणि नंतर अश्रुहि होते. त्या हुर्योमध्यें घाई नव्हती, चेंडू नव्हता, अपघात नव्हता. तें कृत्य वर्षामागून वर्षें, निवांतपणें बसून, हेतुपूर्वक केलेलें होतें. पण त्यानें कोणाचें हाड मोडलें नाहीं म्हणून त्याबद्दल कोणास लाल कार्ड दाखविण्यांत आलें नाहीं. केवळ परिणामाकडे पाहून न्याय करण्याची संवय लागली म्हणजे असल्या कृत्यांचा दोष कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं.

सारांश, दुसऱ्याचा न्याय करतांना आपण हेतूकडे पाहावें, आणि स्वतःचा हिशेब मांडतांना परिणामाकडे. आपण सहसा याच्या नेमकें उलट करतों. स्वतःच्या हातून कांहीं बिघडलें कीं, माझ्या मनांत तसें नव्हतें, म्हणून सुटूं पाहतों. दुसऱ्याच्या हातून बिघडलें कीं झालेलें नुकसान त्याच्यापुढें मोजून ठेवितों. ज्या शेजारणीच्या घरांत त्या दिवशीं मूल झोंपलेलें होतें, तिनें दुसरीला भेटावयास जातांना एवढें ध्यानांत ठेविलें कीं आपलीहि कढई कडेलाच होती, तर तिच्या तोंडून उपदेशाचा शब्द निघणार नाहीं, आणि घरीं परतल्यावर ती आपली कढई आंत सारील. नीतिशास्त्राचा याहून अधिक उपयोग तो कोणता?