गैरहजर माणसाचं मौन



आजचं वाचन विनयपिटकातल्या महावग्गाचं, उपोसथक्खंधक. दर पंधरवड्याला एका सीमेतले सगळे भिक्खू एकत्र जमून पातिमोक्ख म्हणतात, त्याचे हे नियम. वाचायला रुक्ष वाटतात, पण एका प्रश्नापाशी मी थांबलो: जो आलाच नाही, त्याचं मत काय धरायचं?

संघात मौन म्हणजे संमती, हे आपल्याला माहीत आहे. उपसंपदेच्या वेळी आधी ञत्ति, म्हणजे प्रस्ताव मांडतात आणि मग तीनदा जाहीर करतात. मान्य असेल त्याने गप्प राहावं, नसेल त्याने बोलावं. पण हे मौन समोर बसून ऐकणाऱ्याचं आहे. गैरहजर भिक्खूचं मौन संमती ठरत नाही.

मग आजारी भिक्खूचं काय? त्याने दुसऱ्या भिक्खूकडे आपली पारिसुद्धी कळवावी, आणि संघापुढे काही काम असेल तर छंद, म्हणजे संमतीही द्यावी. बोलता येत नसेल तर खुणेने दिली तरी चालते. पण निरोप नेणारा मधूनच दुसरीकडे निघून गेला, तर ती पोचली असं धरत नाहीत. काहीच कळवता आलं नाही, तर त्याला खाटेसकट संघात आणावं. हलवल्याने दुखणं वाढणार असेल, तर संघाने त्याच्यापाशी जावं. अपुऱ्या संघाने उपोसथ करायचा नाही. एका आजारी माणसासाठी अख्खा संघ उठून जातो!

याला दुसरी बाजूही आहे. महाकप्पिन थेरांना वाटलं, मी तर परिशुद्धच आहे, मग उपोसथाला जायचं कशाला? भगवंतांनी त्यांना सांगितलं की तुमच्यासारख्यांनीच उपोसथाचा मान राखला नाही तर कोण राखणार, तेव्हा जा. तसंच, योग्य कामाला छंद देऊन मागाहून कुरकुर करणं हा पाचित्तिय दोष आहे. चर्चा चालू असताना छंद न देता उठून जाणं हाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळं संघाला माहीत होतं, असं त्यांनी सांगितलं. मला वाटतं, त्या गणपूर्तीच्या मुळाशी ही आजाऱ्याची खाट आहे.

आपण काय करतो? विहाराच्या ग्रुपवर रात्री अकराला मेसेज टाकतो आणि सकाळी म्हणतो, कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य. ज्या आजींकडे स्मार्टफोनच नाही, त्यांनाही आपण त्यात मोजलेलं असतं.

आज एवढंच करू या. पुढचा निर्णय घेण्याआधी, कोण आलेलं नाही ते बघू, आणि त्यांच्याकडे जाऊन विचारू. आणि आपल्याला कुणी विचारलं, तर हो किंवा नाही स्पष्ट सांगू.

भवतु सब्ब मंगलं.