थोरल्या भावाचा हिशेब

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ आपल्याला फारसा आवडत नाही. घरात मेजवानी चाललेली असताना तो दाराबाहेर रुसून उभा राहतो. पण धाकटा उधळून नव्हे, तर कमावून परतला असता तर?

यवतमाळ जिल्ह्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. दारव्हा-आर्णीकडचे, कोरडवाहू कपाशीचे. धाकटा दुबईस गेला. त्याच्या पैशांतून कर्ज फिटले, विहीर झाली, बहिणीचे लग्न पार पडले. थोरला शेतावर राहिला. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले, तेव्हाही तो पाठीवर पंप घेऊन शेतातच होता. आईला दवाखान्यात तोच नेतो, आणि धाकट्याचे औदार्य गावाच्या तोंडून ऐकतो. पाठविलेल्या रकमेची नोंद बँकेत राहते. आईच्या उशाशी जागून काढलेल्या रात्रींची कोठे राहते?

जाणाऱ्यावरही अन्याय होऊ नये. अमिरातीत नोकरी संपताना सामान्य परदेशी कामगाराच्या हाती पडते ती ग्रॅच्युइटी: पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढील वर्षांसाठी ३० दिवसांचे. निवृत्तिवेतन नाही आणि राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली. म्हणजे म्हातारपणी त्याला याच घरी परतावयाचे असते. एनआरई खात्यावरील व्याजाला येथे प्राप्तिकर लागत नाही, ही सवलत खरी. परंतु परकीय चलनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयास शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली तेवढी ठेवता येते. शेत वाचविण्यासाठी जो गेला, त्यालाच बांधापलीकडचा तुकडा घेता येऊ नये! मग पैसा धाकट्याचा आणि सातबारा थोरल्याच्या नावे, अशी वाट निघते. कायद्याच्या नजरेत हा व्यवहार बेनामी ठरू शकतो. भावाभावांच्या नजरेत तो पुढे काय ठरेल, हे सांगावयास नको.

वडील मृत्युपत्राविना गेले, तर आपणा ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. एक-तृतीयांश आईचा, उरलेले मुलामुलींत समान. कायदा दिरहम मोजत नाही, शुश्रूषाही मोजत नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा वाटा मात्र तो पुरता मोजतो, आणि त्याचा विसर दोन्ही भावांना सारखाच पडतो.

मला वाटते, आईबापांसाठी पाठविलेला पैसा हे कर्तव्य आहे. त्यावर पुढे वाटा मागू नये. शेतात घातलेला पैसा उसना की बक्षीस, हे मात्र देतानाच, वडील हयात असताना, कागदावर यावे. घर सांभाळणाऱ्याला दरमहा काही रक्कम त्याच्या स्वतःच्या हक्काची मिळावी, उपकार म्हणून नव्हे. एवढे करूनही त्या रात्रींची भरपाई होत नाही, आणि परक्या खोलीत एकट्याने काढलेल्या नाताळांचीही नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे तेथे सांगितलेले नाही.