पाचवा आणि दोनशेवा

क्रॉस कंट्रीच्या शर्यतीत संघाचा निकाल बेरजेवर ठरतो. प्रत्येक शाळेचे सात जण धावतात. त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो संघ विजयी. पहिले पाचही क्रमांक एकाच शाळेने पटकावले तर बेरीज 15. याहून चांगला निकाल असूच शकत नाही. सहावा आणि सातवा बेरजेत धरत नाहीत, पण ते दुसऱ्या शाळेच्या पाचव्याच्या पुढे निघाले तर त्याचा क्रमांक तेवढा मागे ढकलला जातो. म्हणजे एखादा असामान्य पोरगा पहिला आला तरी त्याच्या एकट्याच्या जिवावर शाळा जिंकत नाही. पाचवा कुठे आहे, यावर सगळं अडून असतं.

शिकागोच्या पश्चिमेच्या एल्महर्स्ट या उपनगरातल्या यॉर्क हायस्कूलला हे गणित पुरतं उमगलं होतं. ही करदात्यांच्या पैशावर चालणारी शाळा. जो न्यूटन 1960 पासून 2016 पर्यंत तिथल्या मुलांच्या क्रॉस कंट्री संघाचे प्रशिक्षक होते आणि त्या काळात यॉर्कने इलिनॉय राज्याचं अजिंक्यपद 28 वेळा मिळवलं. 1988 च्या सोल ऑलिंपिकला अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघाच्या प्रशिक्षकांमध्ये त्यांना घेतलं गेलं. शाळेत शिकवणाऱ्या माणसासाठी हा फार मोठा मान होता. यॉर्कचं नाव निघालं की लोक 28 हा आकडा सांगतात. मला दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो. न्यूटन यांच्या संघात एका हंगामाला दोनशेच्या आसपास मुलं असत. निवड चाचणी नव्हती. यायचं आणि धावायचं.

त्यांच्या 2005 च्या हंगामावर ‘द लाँग ग्रीन लाइन’ नावाचा माहितीपट आहे. हिरव्या कपड्यांतली पोरांची लांबच लांब रांग गावातून धावत जाते, तिच्यावरून हे नाव. त्या रांगेत राज्यात अव्वल येणारी मुलं आहेत, तशीच धापा टाकत सगळ्यांत शेवटी येणारीही आहेत. सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगाही त्यांच्यात धावतो. सराव संपला की प्रत्येक जण प्रशिक्षकांसमोरून जातो, हात मिळवतो, आणि ते त्याला नावाने किंवा त्यांनीच ठेवलेल्या टोपणनावाने हाक मारतात. माणशी पाच सेकंद धरले तरी दोनशे मुलांना पाव तासाहून जास्त वेळ लागतो. हंगामभर, सरावाच्या शेवटी, दमलेल्या माणसाने हा वेळ काढायचा. शर्यतीच्या बेरजेत ज्याचा क्रमांक कधीच धरला जाणार नाही, त्या दोनशेव्या पोराचंही नाव कोणाला तरी पाठ आहे, हे त्याला रोज कळतं. किती मैल पळायचे, कोणत्या वेगाने, हे त्यांच्या पुस्तकांत छापलेलं आहे. ते कोणीही उचलावं. पण शाळेची परंपरा म्हणतात ती या पाव तासात घडली, असं मी मानतो.

सर्वांना घेतलं की दर्जा घसरतो, असं आपण सहज बोलून जातो. यॉर्कने उलटं दाखवलं, आणि त्यामागे भाबडा चांगुलपणा नाही, वयात येणाऱ्या शरीराचा स्वभाव आहे. चौदाव्या वर्षी एक मुलगा पुरुषासारखा उंच झालेला असतो, दुसऱ्याला अजून मिसरूडही फुटलेलं नसतं. त्या दिवशी निवड करायला बसलं तर जो आधी वाढला तोच निवडला जातो. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं एवढ्याच कारणाने निवडक संघांत जास्त भरतात, हे क्रीडासंशोधनात अनेक खेळांबाबत दिसून आलेलं आहे. जो मागाहून वाढणार आहे त्याला तीन-चार वर्षं धावत ठेवणं, एवढंच काम असतं. त्यातूनच पुढे संघाचा पाचवा निघतो. बास्केटबॉलला हे जमत नाही. मैदानावर पाच, बाकावर मोजके, बाकीच्यांनी घरी जायचं. रस्त्यावर मात्र जागेचा तुटवडा नसतो. 

तरीही एक गोष्ट मला सलत राहते. अमेरिकेत सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा वाटा त्या त्या गावच्या घरपट्टीतून येतो. शाळेला फी नाही, पण तिच्या हद्दीत घर घ्यावं किंवा भाड्याने राहावं लागतं, आणि चांगल्या शाळेमुळे ते घर आणखी महाग होतं. यॉर्कच्या संघात कोणाला गाळत नव्हते हे खरं, मात्र बरीचशी गाळणी घराच्या किमतीने आधीच झालेली असते. धावायला बूट आणि रस्ता पुरतो म्हणतात. तो रस्ता संध्याकाळी निर्धास्तपणे पळता येईल असा लागतो, पोराला शाळा सुटल्यावर नोकरी करावी लागू नये, आणि शिक्षकाने एका शाळेत अर्धशतकाहून जास्त काळ टिकावं इतकी ती शाळा स्थिर असावी लागते. शिकागो शहरातल्या कितीतरी वस्त्यांमध्ये यातलं एकही गृहीत धरता येत नाही.

न्यूटन डिसेंबर 2017 मध्ये, 88 व्या वर्षी गेले. त्याच वर्षी इलिनॉयने शाळांच्या अनुदानाचं सूत्र बदललं. ज्या शाळांकडे पैसा सगळ्यात कमी, त्यांच्याकडे नवी रक्कम आधी वळावी म्हणून. या पैशाचं काय झालं हे वाचनाच्या आणि गणिताच्या गुणांवरून तपासावंच. माझी मागणी अशी आहे की सोबत आणखी एक नोंद ठेवावी: किती शाळांत शेवटच्या तासानंतर एखादा शिक्षक मैदानावर थांबतो, आणि त्याच्या यादीत किती मुलं आहेत.