ट्रान्समीटर घेण्याआधी

नांदेड

चि. भाचीस,


तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत तुझा स्कूबाचा पहिला कोर्स पुरा झाला, हे वाचून फार बरं वाटलं. दिवाळीनंतर अंदमानात स्वराजद्वीपला जायचं ठरलंय, आणि साठवलेल्या पगारातून वायरलेस एअर-इंटिग्रेटेड डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचाय, तर कोणता घेऊ, असं विचारलंस. उत्तर आधी देतो, कारणं मागून. कॉम्प्युटर आत्ताच घे. सिलिंडरमधल्या हवेचा दाब मनगटावर पाठवणारा ट्रान्समीटर मात्र आत्ता घेऊ नकोस. फक्त कॉम्प्युटर असा निवड, की त्याला ट्रान्समीटर पुढे कधीही जोडता येईल.

कॉम्प्युटरचं मूळ काम हवा मोजणं नाही, नायट्रोजन मोजणं आहे. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. सावकाश वर आलीस तर तो फुफ्फुसांवाटे निघून जातो. घाई केलीस तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात, आणि तो आजार माणसाला कायमचं अधू करू शकतो. ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर आणि माणसांवर प्रयोग करून १९०८ साली याचे पहिले भरवशाचे तक्ते छापले. त्या प्रयोगांच्या वेळी त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलानेही समुद्रात बुडी घेतली होती. तो मुलगा म्हणजे पुढचे मोठे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. ते १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत काम केलं, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. कोचीच्या नौदलाच्या डायव्हिंग स्कूलमध्ये आम्ही तक्ते पाठ करायचो तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. पुढे वाचलं, आणि त्या तक्त्यांविषयी एक निराळीच जवळीक वाटायला लागली.

आज बऱ्याच कॉम्प्युटरांत चालतं ते गणित झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान या डॉक्टरांचं. शरीराचे सोळा काल्पनिक कप्पे मानायचे, काही मिनिटांत भरणारे तर काही कित्येक तासांनी भरणारे, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवायचा. ब्यूलमान स्वित्झर्लंडचे, त्यामुळे डोंगरातल्या तळ्यांत बुडी घेणाऱ्यांचा प्रश्न त्यांच्या दाराशीच होता. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून समुद्रकाठचे तक्ते तिथे चालत नाहीत. तुला वाटेल, याचा माझ्या लातूरशी काय संबंध? आहे, आणि जवळचा आहे. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर गेलं की डायव्हिंगच्या नियमांत ती उंची धरली जाते. आपलं नांदेड त्या रेषेच्या वर आहे, लातूर तर बरंच वर.

पण विहिरीत किंवा धरणात बुडी घेण्यापेक्षा मला काळजी आहे ती तुझ्या परतीच्या वाटेची. तारकर्ली-मालवणहून निघालीस की आंबोलीचा घाट सुमारे सातशे मीटरवर नेतो. तिथून कोल्हापूर, सोलापूर, लातूर, पुन्हा समुद्राच्या पातळीला उतरणं नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे की एकच साधी बुडी घेतली असेल तर किमान बारा तास, आणि रोज अनेक बुड्या घेतल्या असतील तर किमान अठरा तास विमानात बसू नये. हा सल्ला त्यांनी सहाशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या दाबासाठी दिलाय. म्हणजे घाट त्यात बसतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर यासाठी विमानाचं चित्र येतं, म्हणून लोकांना वाटतं, आपण तर गाडीने चाललो. तू तसं समजू नकोस. शेवटची बुडी आदल्या दिवशी दुपारच्या आत संपव, मुक्काम कर, दुसऱ्या दिवशी ते चित्र गेलेलं बघून मग घाट चढ. पोर्ट ब्लेअरहून परतीच्या विमानालाही हाच नियम. नुसत्या या एका कामासाठीसुद्धा कॉम्प्युटरचे पैसे वसूल आहेत असं मी म्हणेन.

आता हवेकडे येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा तू शाळेत होतीस. पिंपात किती लिटर उरलंय, माणसं किती, पुढचा टँकर कधी, हे घरातल्या लेकरांनाही तोंडपाठ होतं. सिलिंडरचा हिशेब तसाच कर. नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर अकरा लिटरचा, त्यात दोनशे बार दाब, म्हणजे २२०० लिटर हवा. पन्नास बार राखून ठेवायचे, ते ५५० लिटर. वापरायला उरले १६५०. नवशिका माणूस पाण्यावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो. पण दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो, म्हणून अठरा मीटरवर तोच माणूस मिनिटाला ५६ लिटर ओढतो. १६५० लिटर त्याला अर्धा तासही पुरत नाहीत. आणि पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा तक्ता अठरा मीटरवर ५६ मिनिटं देतो! म्हणजे तुझ्या पातळीवर नायट्रोजनची मर्यादा यायच्या कितीतरी आधी हवाच संपत येते. तीस मीटरवर तो मिनिटाला ८० लिटर ओढेल, वीस मिनिटांत हवा सरेल, आणि तक्ताही तिथे वीसच मिनिटं देतो. दोन्ही मर्यादा एकाच वेळी अंगावर येतात. उतरण्या-चढण्यातली हवा मी यात धरलेली नाही. तुझा परवाना सध्या अठरा मीटरचा आहे, आणि तो तसा का आहे हे या आकड्यांवरून तुला कळेल.

एअर-इंटिग्रेटेड कॉम्प्युटर हेच गणित सतत करत राहतो. दाब किती वेगाने उतरतोय आणि तू किती खोल आहेस यावरून तो किती मिनिटांची हवा उरली ते सांगतो. सोय खरी आहे, ती मी नाकारत नाही. नळीच्या टोकाचा गेज शोधत बसावं लागत नाही, आणि नंतर नोंदीत तुझ्या श्वासाचा वेग दिसतो. पण तो आकडा गेल्या काही मिनिटांच्या श्वासावर बेतलेला असतो. समोरून प्रवाह आला, तू जोरात पाय मारू लागलीस, की श्वास आधी वाढतो आणि आकडा मागून खाली येतो. मिनिटाला आपल्याला किती लागतं हे जिला आधीच ठाऊक आहे, ती आकड्याची वाट न पाहता वळते.

ट्रान्समीटरसाठी थांबायला सांगतो त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. तो रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागावर, उच्च दाबाच्या छिद्रात पान्याने बसवावा लागतो. तुझा रेग्युलेटर अजून भाड्याचा. दर ठिकाणी तिथल्या माणसाला छिद्र उघड, ओ-रिंग बघ, हे जोड, म्हणून विनवावं लागेल. अनेक जण आपल्या मालाला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही. शिवाय तो सिलिंडरच्या माथ्याशी मुठीसारखा पुढे येतो. होडीवरची पोरं घाईत सिलिंडर त्यालाच धरून उचलतात आणि तो मोडतो. स्वतःचा रेग्युलेटर घेशील, तो स्वतः जोडशील, पोरांना आधी सांगून ठेवशील, तेव्हा ट्रान्समीटर घे. तोवर त्याच पैशांत रेग्युलेटरचा बराच भाग निघेल.

घेशील तेव्हाही काट्याचा गेज काढून टाकू नकोस. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फार जात नाहीत, बहुतेक ट्रान्समीटर एक-दोन मीटरच्या पुढे पोचत नाहीत. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला तरी काही क्षण पडद्यावर आकड्याऐवजी रेघा येऊ शकतात. गार्मिनचे ट्रान्समीटर आवाजाच्या लहरी वापरतात, ते लांबून ऐकू येतात, पण ते गार्मिनच्याच घड्याळाशी बोलतात. म्हणून आज कॉम्प्युटर घेतानाच पुढचा ट्रान्समीटर कोणता लागेल ते विचारून घे.

बॅटरीबद्दल माझं मत ठाम आहे. तुझा कॉम्प्युटर वर्षातले बहुतेक महिने कपाटात राहणार. चार्ज करायची बॅटरी रिकामी पडून राहिली की खराब होते, आणि ती बदलायला लांबच्या शहरात पाठवावी लागते. शिअरवॉटरचा पर्डिक्स २ साध्या पेन्सिल सेलवर चालतो, तो सेल लातूरच्या गंजगोलाईतल्या कुठल्याही दुकानात मिळेल. त्याच कंपनीचा टेरिक आणि गार्मिनची डिसेंट घड्याळं दिसायला देखणी, पण चार्जरशिवाय चालत नाहीत. पर्डिक्स मोठा आहे, तुझ्या मनगटावर जड वाटेल. तरी मालवणच्या गढूळ पाण्यात मोठे आकडेच कामाला येतात. पैसे कमी पडले तर ट्रान्समीटरची सोय असलेलं एखाद्या चांगल्या कंपनीचं जुनं मॉडेलही चालेल, फक्त बॅटरी आपल्याला बदलता येते का ते बघ. वापरून झालं की गोड्या पाण्यात भिजव. बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून फिल्टरचं पाणी घे. आणि मे महिन्यात गाडीत ठेवू नकोस.

अंदमानला पहिल्या काही बुड्यांच्या वेळी वहीत चारच गोष्टी लिही: सुरुवातीचे बार, शेवटचे बार, सरासरी खोली, मिनिटं. वापरलेले बार गुणिले अकरा, भागिले मिनिटं, भागिले त्या खोलीवरचा दाब. येईल तो तुझा आकडा. वहीच्या पानाचा फोटो मला पाठव. तो बघून रेग्युलेटरचं ठरवू. त्यासाठी मामीने आणि मी थोडे पैसे बाजूला ठेवलेत, ते घ्यायला संकोच करू नकोस.

तुझा,
मामा