मूठ आणि चाक यांच्यामध्ये

जुनी गाडी अडखळली की आपण तिच्या वयाकडे बोट दाखवतो. नवी अडखळली की आपल्याच कानांवर संशय घेतो. हँडलचा हार अजून पुरता वाळलेला नसतो, पहिला हप्ता जायचा असतो, आणि स्पीडब्रेकर ओलांडून दुसऱ्या गिअरमध्ये मूठ जराशी पिळावी तर गाडी आधी काहीच करत नाही, मग एकदम उसळते. मागच्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर टक्कन आपटतं. तरी आपण म्हणतो, नवीन आहे, होईल सेट.

हे निम्मं खरं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट जुळायला काहीशे किलोमीटर लागतात. तोवर इंजिन थोडं जड चालतं. पण सेट होतं ते इंजिन. मुठीची केबल सेट होत नाही, ती कुणीतरी करावी लागते.

काय होतंय, हे सगळेच विचारतात. कधी होतंय, हे विचारणारा मेकॅनिक भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

थंड असताना की तापल्यावर? मूठ उघडताना, मिटताना, की एका जागी धरून ठेवल्यावर? धुतल्यानंतरच, की पेट्रोल भरल्यापासून? तापल्यावरच आयडलिंग डळमळत असेल तर टॅपेट बघावं. नव्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये किंचित आत बसतात आणि टॅपेटची मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची फट आणखी कमी होते. मग तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. लोक वाजणाऱ्या टॅपेटची तक्रार घेऊन येतात. वाजणारं टॅपेट नुसती कटकट करतं, गप्प झालेलं व्हॉल्व्ह जाळतं.

अर्धा तास झकास चालून गाडी गुदमरत असेल तर टाकीचं झाकण उघडावं. फुस्स करून हवा आत गेली तर इंजिन निर्दोष आहे. झाकणाचं छिद्र बुजलंय आणि पेट्रोल खाली उतरायला तयार नाही. इतक्या क्षुल्लक कारणाने इतकी महाग वस्तू बंद पडते, हे मालकाला पटत नाही. त्याला महाग कारण हवं असतं.

झटक्याचं मूळ मात्र बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर सापडतं.

आपला हात आणि मागचं चाक यांच्यामध्ये किती गोष्टी आहेत ते एकदा गाडी स्टँडवर लावून बघावं. मुठीचा मोकळा फेर. केबल. थ्रॉटलची झडप. क्लच, गिअरचे दात, चेन, आणि मागच्या हबमध्ये धक्का पिणारे रबर. या प्रत्येकात थोडी ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक नसेल तर हँडल वळवलं की रेस आपोआप चढते. चेन ताठ केली तर बेअरिंग खाते, म्हणून बहुतेक मॉडेलांत तिला 25 ते 35 मिलिमीटर हलू देतात. ढिलाई शून्य करायची नसते, मोजून ठेवायची असते. न मोजलेल्या चार छोट्या ढिलाया एका रांगेत आल्या की मूठ उघडताना आधी त्या सगळ्या भरून निघतात, आणि मग सगळा जोर एकदम चाकावर पडतो. तोच तो झटका. पेट्रोलचा त्यात काही संबंध नसतो.

नवी चेन तर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त ओढली जाते. दसऱ्याच्या मुहूर्तावर एका दिवसात रांगेने गाड्या बाहेर काढणाऱ्या शोरूमला केबल कुठून गेली आहे हे बघायला वेळ कुठला? इंजिन आयडलिंगला ठेवून हँडल डावीकडे पुरतं, उजवीकडे पुरतं फिरवावं. आवाज बदलला तर केबल कुठेतरी ताणली जातेय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पानाही लागत नाही.

उरलं इंजिन. आणि ते फक्त आपलं ऐकत नाही.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6च्याच गाड्या विकल्या जातात. कार्बोरेटर जवळजवळ गेला, इंजेक्टर आला. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट साफ करतो तो याच प्रमाणाच्या आसपास, म्हणून ऑक्सिजन सेन्सर इंजिनाला सतत तिथे ओढत असतो. इंजिनाला स्वतःला याहून थोडं जास्त पेट्रोल आवडतं. तेव्हापासून मुठीवर दोघांचा हात आहे: आपला आणि कायद्याचा. सपाट रस्त्यावर मूठ एका जागी धरूनही गाडी हलकेच मागेपुढे करते, ते या दोघांच्या ओढाताणीत. कायद्याची बाजू चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. तो धूर माझ्याच मागचा माणूस पितो.

ज्याला कार्बोरेटर आठवतो त्याला एक सोय आठवत असेल. अडखळणाऱ्या गाडीचा चोक अर्धा ओढायचा. सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, आणखी बिघडली तर जास्त होत होतं. महाबळेश्वरला हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे एक-अष्टमांश विरळ, म्हणून वर गाडी काळा धूर टाकायची आणि प्लग काजळायचा. आता हा हिशेब कॉम्प्युटर स्वतः करतो. तो काय करतोय हे मात्र आपल्याला विचारता येत नाही, त्यासाठी स्कॅनर लागतो.

स्कॅनरमध्ये कोड नाही, म्हणजे दोष नाही, असं सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात. कोड येतो तो सेन्सर असलेल्या गोष्टीचा. चेन ढिली आहे हे सांगणारा सेन्सर गाडीत नाही. केबलला तर तो नाहीच नाही.

मग टेस्ट राइड होते. मेकॅनिक गाडी पळवून आणतो आणि म्हणतो, मस्त आहे. पळताना ती मस्तच असते. दोष हळू चालवण्यात आहे, आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना हळू कोण चालवणार? त्याला चालवू द्यावं, पण स्वतः मागे बसावं आणि झटका आला की तिथल्या तिथे सांगावं. जॉब कार्डावर ‘पिकअप नाही’ एवढंच लिहू देऊ नये. ‘इंजिन तापल्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, मूठ पुरती मिटून पुन्हा उघडताना’ असं लिहून घ्यावं. लिहिणारा वैतागेल, लिहील.

घरी रविवारी प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल पंप आणि टाकीत टाकायचं औषध, हे सगळं एकदम बदलणारे उत्साही लोक असतात. गाडी सुधारते. कशाने, ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही गोष्टींचा खर्च. एका वेळी एकच स्क्रू. थ्रॉटल बॉडीचा तर तोही नाही. मूठ मिटलेली असताना झडप कुठे थांबते ते तो ठरवतो, आणि मूठ मिटली आहे हे कॉम्प्युटरला तिथूनच समजतं.

सगळं मोजून, जुळवून झाल्यावरही थोडा झटका राहतो. मूठ पुरती मिटून गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल साफ तोडतात. पुन्हा उघडताना पहिले काही थेंब कोरड्या पडलेल्या वाटेच्या भिंती ओल्या करण्यात जातात, आणि मग इंजिन जागं होतं. हा दोष नाही, तशी रचनाच आहे. गर्दीत मूठ पुरती मिटायची नाही. केसभर उघडी ठेवायची आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. पेट्रोल तुटलंच नाही तर पुन्हा सुरू होताना झटकाही नाही. मागचे पॅड थोडे लवकर झिजतील, पण ते स्वस्त मिळतात.