लेप

पर्युषणातला तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. त्या दिवशी दुपारी आमच्या महिला मंडळात कुणीतरी आर्जवावर चार शब्द बोलायचे असतात. यंदा ती पाळी माझी होती. जामबागेतल्या आमच्या घरी मी वही-पेन घेऊन बसले होते, आणि शेजारी नात टीव्हीवर समुद्राखालचं काहीतरी बघत होती. एकदम ओरडली, "आजी, बघ, वाळूला डोळे आलेत!"

खरंच तसं होतं. तळाशी नुसती वाळू, तिच्यात दोन डोळे. मग त्या वाळूचा एक तुकडा उठला आणि पोहत निघून गेला. तो चपटा मासा होता. आपल्या घरात माशांची नावं कुठून माहीत असणार? खालच्या मजल्यावर मालवणच्या वहिनी राहतात, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "आमच्याकडे अशा चपट्या माशाला लेप म्हणतात." मला हसू आलं. आपण हळदीचा लेप लावतो, चंदनाचा लावतो. हा मासा वाळूचाच लेप लावून बसलेला!

पण नातीला हसू आलं नव्हतं. तिने विचारलं, "तो लपून बसलाय म्हणजे फसवतोय ना? मग त्याला पाप लागतं का?"

माझं पेन तिथेच थांबलं.

नंतर मी या माशांबद्दल थोडं वाचलं. जन्मतो तेव्हा हा मासा इतर माशांसारखाच सरळ पोहतो, दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. मोठा होताना एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो. मग तो एका कुशीवर पडून तळाशी राहतो. वरची बाजू रंग घेते, जमिनीला टेकलेली बाजू बहुधा पांढरीच राहते. 1911 साली समनर नावाच्या शास्त्रज्ञांनी अशा माशांना वेगवेगळ्या नक्षीच्या तळावर ठेवून त्यांचे रंग कसे पालटतात ते मांडलं. 1996 साली आपल्या चेन्नईत डॉक्टरी शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं की उष्ण समुद्रातले काही चपटे मासे दोन ते आठ सेकंदांत तळाची नक्षी अंगावर आणतात. आणि हे सगळं डोळ्यांवर चालतं. डोळे झाकले तर त्याला रंग जुळवता येत नाही. म्हणजे तो जे बघतो, तेच अंगावर आणतो.

हा लेप त्याच्या दोन कामांना येतो. मोठ्या माशापासून जीव वाचतो, आणि जवळ आलेला लहान जीव पटकन गिळताही येतो. रंग एकच, काम दोन.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी सांगितलंय की मायेमुळे, म्हणजे कपटामुळे, तिर्यंच आयुष्य बांधलं जातं. मासा तर तिर्यंचच आहे. संसारी जीव म्हटल्यावर कषाय त्यालाही आहेतच. पण आज कुणाच्या डोळ्यांपुढे कोणता रंग धरायचा, हे तो काही बसून ठरवत नाही. ते बसून ठरवतो आपण. म्हणून माशाचं पाप मोजत बसण्यापेक्षा आपलंच बघावं, असं मला वाटलं.

मग झाकणं म्हणजे नेहमी कपटच का? तसंही नाही. आपल्याकडे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन हे एक अंग आहे. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न मांडता झाकून घेणं. त्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलीय. एक चोर ब्रह्मचाऱ्याचं सोंग घेऊन जिनेंद्रभक्त शेठच्या चैत्यालयात राहिला आणि देवावरच्या छत्राचं रत्न घेऊन पळाला. पहारेकऱ्यांनी पकडलं तेव्हा शेठ म्हणाले, "यांनी ते माझ्याच सांगण्यावरून आणलंय." धर्माची आणि खऱ्या व्रतींची निंदा होऊ नये म्हणून त्यांनी झाकलं. पण नंतर एकांतात त्या चोराला चांगलं सुनावलं आणि हाकलून दिलं.

या गोष्टीत झाकलं दोघांनी. चोराने स्वतःला झाकलं, रत्न घ्यायला. शेठनी दुसऱ्याला झाकलं, आणि हाती काहीच घेतलं नाही. बाहेरून बघाल तर दोघांची कृती एकच.

आमच्या जामबागेत फुलांची दुकानं आहेत. कधी गजरा घरी आणून सोडला की कळतं, कालची कळी आत, आजची बाहेर. आपण लगेच फुलवाल्याला नावं ठेवतो. मीही ठेवते. पण मी काय केलं होतं ते आता सांगते. ज्या मुलीचं सांगतेय, तिला विचारूनच लिहितेय.

माझ्या भाचीच्या कोपराजवळ आणि मानेवर कोडाचे दोन डाग होते. वीसेक वर्षं झाली. तिला बघायला पाहुणे येणार होते. बहिणीने डोळ्यांत पाणी आणून मला बोलावलं. मी लांब बाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलं, मानेला रंग जुळवून लावला, त्यावर पावडर. पदर असा घेतला की काही दिसू नये. स्थळ जमलं. मी मनाशी म्हटलं, मी उपगूहन केलं, पोरीची लाज राखली.

लग्नानंतर चार महिने ती पोर ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालून राहिली. नवरा उठायच्या आत उठून मान रंगवायची. शेवटी थकून तिनेच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "डागाचं काही नाही गं, पण तुमच्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि एकानेही मला सांगितलं नाही." संसार टिकला, पण सासूबाई दोन वर्षं तिच्याशी नीट बोलल्या नाहीत.

आता कळतं, ते उपगूहन नव्हतं. मला त्या झाकण्यातून स्थळ हवं होतं. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्याच्याच डोळ्यांपुढे मी लेप धरला. आणि मुळात कोड हा काही दोषच नाही. ते कुणाला लागत नाही; तिथल्या त्वचेतल्या रंगाच्या पेशी नाहीशा होतात, एवढंच. जे दोष नव्हतं ते मी दोष म्हणून झाकलं. माझे डोळे लोकांच्या नजरेवर होते. जे बघितलं, तेच तिच्या अंगावर आणलं.

म्हणून मंडळात मी एवढंच बोलले: गावभर सांगत सुटणं म्हणजे आर्जव नव्हे. दुसऱ्याचं गुपित फोडणं हाही आपल्याकडे सत्याणुव्रताचा अतिचारच आहे. पण झाकण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. यातून मला काय मिळणार आहे? आणि ज्याच्यापासून झाकतेय, त्याचं यात काय जाणार आहे?

क्षमावाणीच्या दिवशी मी भाचीला फोन करून क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, तू रंग लावलास ते मी कधीच विसरले. पण लावून झाल्यावर तू म्हणालीस, 'आता कशी छान दिसतेस!' तेवढं मात्र अजून आठवतं."

नातीला अजून उत्तर दिलेलं नाही. ती थोडी मोठी झाली की माशाचं नाही, माझंच सांगेन.